अण्णांचा गेटपास आणि कागदाचं मिग

शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळीच खुर्ची टीव्हीपुढे ओढून घेतली होती. चंडीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाचा निरोप समारंभ होता. १९६३ साली हवाई दलात आलेलं विमान बासष्ट वर्षांनी कायमचं उतरणार होतं. अण्णा १९७२ला नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात लागले, २००५ला निवृत्त झाले. मधली बहुतेक वर्षं मिगमध्येच गेली, आधी जुळणीवर, मग ओव्हरहॉलला. समारंभ संपला, जाहिराती लागल्या, तरी ते उठेनात. मग म्हणाले, "इतकी विमानं हाताखालून गेली, घरात एक नाही."

मी म्हटलं, प्लास्टिकचं किट मागवू या, आठ दिवसांत येईल. त्यांनी मान हलवली. "टाउनशिपमध्ये रशियन तज्ज्ञ राहायचे ना, त्यांतल्या एकाच्या पोराकडे कागदाचं होतं. मासिकातनं कापून केलेलं. तसं पाहिजे."

मासिकातून कापून केलेलं मिग. माझा समज असा की आजकाल नेटवर मिळत नाही असं काही नसतं. तो समज खरा निघाला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. पुढचे अडीच महिने काय काय झालं ते इथे लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल एक ओळ सापडली नव्हती.

त्याच रात्री दहा मिनिटांत मिग सापडलं. पोलंडच्या एका जुन्या मासिकाचा अख्खा अंक, स्कॅन केलेला, झिप फाइलमध्ये. उतरवताना तीन वेळा भलत्याच खिडक्या उघडल्या, लॅपटॉपने एकदा तांबडी सूचना दिली, मी ती बंद केली. फाइल उघडली तर खरंच मिग-२१! पंख, शेपूट, पुढचा कोन, सगळं सुटं सुटं. अण्णांनी चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "हे कोणी दिलं?"

"नेटवर होतं."

"ते कळलं. दिलं कोणी?"

मी पुन्हा बघितलं. पानाच्या मधोमध पिनांची भोकं, मुखपृष्ठावर पोलिश चलनातली किंमत, कोपऱ्यात प्रकाशकाचं नाव. चढवणाऱ्याचं नाव मात्र कुठलंसं टोपणनाव आणि चार आकडे. म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातला माल तिसऱ्यानेच रस्त्यावर मांडला होता.

अण्णा म्हणाले, "आमच्याकडे एक नट बाहेर न्यायचा तर गेटपास लागायचा. स्क्रॅपमधला असला तरी. याचा गेटपास कुठाय?"

हसू आलं, पण त्यांचा आवाज गमतीचा नव्हता. तेहतीस वर्षं ज्या माणसाने डबा उघडून दाखवल्याशिवाय गेट ओलांडलं नाही, त्याच्या शोकेसमध्ये चोरीचं मिग ठेवणं बरं दिसलं नसतं. झिप फाइल पुसली. (लॅपटॉप दुसऱ्या दिवशी नीट साफ करून घेतला. ती तांबडी सूचना उगाच नव्हती.) त्या दिवसापासून आमच्या घरात या सगळ्या भानगडीला "गेटपास" हाच शब्द झाला.

पहिला आठवडा माझा नुसता गोंधळात गेला. आधी वाटलं, जुनं मासिक म्हणजे कॉपीराइटमधून मोकळंच असणार. तसं नसतं. कागदी मॉडेलांसाठी पूर्व युरोपातली दोन मासिकं फार नावाजलेली: पोलंडचं 'मावी मोडेलाश' आणि चेकोस्लोव्हाकियातलं 'आबेत्से', ज्याला तिकडे लाडाने 'आबीच्को' म्हणतात. दोन्ही सुरू झाली १९५७ला. योगायोग म्हणजे आपला कॉपीराइट कायदाही १९५७चाच. या कायद्याप्रमाणे आपल्याकडे निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. पोलंड, चेक, जर्मनी इथे सत्तर. 'आबेत्से'साठी किल्ले आणि राजवाडे रेखणारे रिखार्ड विश्कोव्स्की हे वास्तुविशारद २०१९ साली गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क तिकडे २०८९ संपेपर्यंत राहणार. अंक किती पिवळा पडलाय याला काही अर्थ नसतो. कधी छापलं यापेक्षा रेखणारा कधी गेला ते बघावं लागतं.

दुसरा गोंधळ इंटरनेट आर्काइव्हचा, म्हणजे जुनी पुस्तकं-मासिकं साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळाचा. मला ती जागा म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयासारखी वाटायची, तिथे आहे म्हणजे रीतसरच असणार. पण तिथे कोणीही काहीही चढवू शकतो. काही गोष्टी खरोखर मुक्त असतात, काही कोणीतरी हौसेने टाकलेल्या. प्रत्येक वेळी हक्कांबद्दलची नोंद उघडून वाचावी लागते, आणि ती नोंदही चढवणाऱ्यानेच भरलेली असू शकते.

आपल्याकडे याचं स्वच्छ उदाहरण 'किशोर'चं आहे. १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने स्वतः नेटवर मोफत ठेवलेत. ज्याचं मासिक, त्यानेच दिलेलं. मी ठरवलं, परदेशी मासिकांतही असंच शोधायचं. "मिग-२१ मोफत" शोधायचंच नाही. आधी प्रकाशक शोधायचा, त्याचं स्वतःचं संकेतस्थळ शोधायचं, आणि मग तिथे त्याने आपणहून काय ठेवलंय ते बघायचं.

आता भाषेची अडचण. इंग्रजीत शोधलं की बहुतेक चोरबाजारच वर येतो, कारण असल्या साइट जगभरच्या गिऱ्हाइकांसाठी इंग्रजीत मांडलेल्या असतात. प्रकाशक मात्र आपल्या भाषेत लिहितो. म्हणून त्याच्या भाषेत शोधायचं. पोलिशमध्ये फुकटला 'झा दार्मो', चेकमध्ये 'झ्दार्मा', जर्मनमध्ये 'कोस्टेनलोस', जपानीत 'मुर्यो'. फोनच्या भाषांतराच्या ॲपमध्ये "कागदी मॉडेल, मोफत, उतरवून घेण्यासाठी" असं लिहायचं, समोर आलेला मजकूर जसाच्या तसा उचलायचा आणि शोधखिडकीत टाकायचा. शोधताना फक्त त्या एका संकेतस्थळापुरतं शोधायची सोय असते, ती वापरा. माझा निम्मा वेळ तिने वाचवला.

रशियनची अडचण आली नाही. ती घरातच होती. कारखान्यातले मूळ नकाशे रशियनमध्ये असायचे, त्यामुळे अण्णांना अक्षरं येतात. अर्थ कळतोच असं नाही, पण वाचतात. संध्याकाळी मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवायची आणि ते बोट ठेवून वाचायचे: "यू-नी तेख-निक." १९५६पासूनचं हे मासिक, 'तरुण तंत्रज्ञ'. त्याची 'लेव्शा' नावाची पुरवणी निघायची, तिच्यात कागदी मॉडेलं येत. मधेच मला शिकवणी मिळाली की 'मिग' हा शब्द नाहीच मुळी; मिकोयान आणि गुरेविच या दोघांची आद्याक्षरं, आणि मधला 'इ' म्हणजे रशियन 'आणि'. तेहतीस वर्षांत हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "कोणी विचारलंच नाही." रशियन स्कॅन ढिगाने सापडले, गेटपास एकालाही नव्हता. सोडून दिलं. त्या संध्याकाळी मात्र फुकट गेल्या असं मला वाटत नाही.

रविवार, ५ ऑक्टोबरला मी पोलंडच्या एका प्रकाशकाला मेल लिहिली. (नाव लिहीत नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण त्यांना उद्या दोनशे मेल नकोत.) वर इंग्रजी, खाली ॲपने केलेलं पोलिश. तीनच गोष्टी लिहिल्या. आम्ही कोण, नेटवर त्यांच्या अंकाचा स्कॅन दिसला पण तो आम्ही ठेवलेला नाही, आणि त्यांच्याकडून रीतसर मोफत मिळण्यासारखं काही आहे का. अण्णांनी चौथी घालायला लावली: "ओझरला या विमानावर काम केलंय असं लिही." मला ते भावनिक वाटत होतं. लिहिलं.

उत्तर येईना. रोज रात्री स्पॅमचं खोकंसुद्धा बघायची. मधल्या काळात दिवाळी आली, आणि चिरंजीवांचा किल्ला. माती आमच्या नाशिकच्या मेरी भागातल्या नर्सरीतून, मावळे रविवार कारंज्यावरून, हे ठरलेलं. या वेळी किल्ल्याच्या पायथ्याशी कागदाची पवनचक्की आली. ती कुठून, तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संग्रहातून. एपिनाल गावातल्या पेलेराँ छापखान्याचे एकोणिसाव्या शतकातले कापून-चिकटवायचे तक्ते तिथे आहेत. रेखणारे केव्हाच गेलेत, ग्रंथालय स्वतः देतंय, आणि बिगर-व्यावसायिक वापराला उगमाचा उल्लेख करून मुभा आहे. माझ्या आयुष्यातला पहिला गेटपासवाला फुकट कागद तो. शिवाजी महाराजांच्या किल्ल्याखाली फ्रेंच पवनचक्की बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे कोणाचं गं?" मुलगा म्हणाला, "इंग्रजांची वखार." चाललं.

मासिकं सोडून कुठे मिळतं तेही इथेच सांगून टाकते. कॅननच्या 'क्रिएटिव्ह पार्क'वर प्राणी, इमारती, अगदी ताजमहालसुद्धा आहे. स्वतःसाठी, विकायचं नाही, एवढीच मुख्य अट. नासा आणि जपानची जाक्सा या अंतराळ संस्था आपापल्या यानांची कागदी मॉडेलं स्वतःच देतात. यामाहाची मोटरसायकलची मॉडेलं एकेकाळी फार गाजली होती, पण कंपनीने ते पान २०१८ला बंद केलं. आता फिरतात त्या प्रती इतरांनी चढवलेल्या. एकेकाळी फुकट दिलं होतं म्हणून आता कोणीही वाटावं का? अण्णांचं मत: "जुना गेटपास चालत नाही. तारीख बघतात." मी त्यावर वाद घातला नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. भाऊबीज कालच झाली होती, मी ऑफिसात फराळाचा डबा उघडत होते आणि फोनवर पोलंडहून मेल. एकोणीस दिवसांनी. माझी खात्री होती की नकार असणार, म्हणून आधी चिवडा खाल्ला आणि मग उघडली.

नकारच होता, पण सभ्य. ते मिग मोफत देता येणार नाही. हक्क त्यांच्या एकट्याकडे नाहीत, रेखाटणाऱ्याचेही आहेत. नेटवरचे स्कॅन त्यांच्या परवानगीने नाहीत. नवशिक्यांसाठी मात्र एक छोटा मालट्रक त्यांनी स्वतः मोफत ठेवलाय, वार्तापत्राची नोंदणी केली की मिळतो. आणि शेवटी एक ओळ: तुमच्या वडिलांना आमचा नमस्कार सांगा. अण्णांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. चौथी गोष्ट घालायला लावली होती ती त्यांनीच.

मग नोंदणी. फॉर्ममध्ये पत्ता सक्तीचा, आणि पिनकोड पोलिश पद्धतीचाच हवा: दोन आकडे, आडवी रेघ, तीन आकडे. आमचा ४२२००९. सहा आकडे टाकले की चौकट लाल. शेवटचा आकडा गाळून पाहिला, फॉर्म पुढे गेला, आणि मग मोबाइल नंबरवर अडला. शिवाय खोटा पिनकोड टाकून गेटपास घ्यायचा हे पटेना. रविवारी पुन्हा मेल: तुमचा फॉर्म भारताचा पत्ता घेत नाही. बुधवारी, २९ तारखेला, त्यांनी फाइल थेट मेलला जोडूनच पाठवली. कोणाचा फॉर्म अडला तर खोटं भरत बसू नका, सरळ लिहा. पलीकडेही माणूसच असतो.

ट्रक एका पानाचा होता. रविवारी, २ नोव्हेंबरला, आम्ही तिघांनी तो केला आणि चांगला वाकडा केला. पण त्याच्या फाइलमध्ये दुसरं पान होतं, सूचनांचं. त्यावर रेखाटणाऱ्याचं नाव आणि त्याच्या स्वतःच्या पानाचा पत्ता. सहज म्हणून उघडलं. मासिकांसाठी मोठी मॉडेलं रेखणाऱ्या त्या गृहस्थांनी आपल्या पानावर चार-पाच सोपी मॉडेलं फुकट ठेवली होती. तिसरं होतं मिग-२१. १:३३, म्हणजे खऱ्याच्या तेहेतिसाव्या हिश्शाचं, चार पानं.

मी अण्णांना हाक मारली नाही. आधी अटी वाचल्या. स्वतःसाठी छापता येईल, विकायचं नाही, फाइल दुसरीकडे चढवायची नाही, कोणाला द्यायचा असेल तर पानाचा पत्ता द्यायचा. हे सगळं स्पष्ट. एकच शंका: विमानावर पोलंडची लाल-पांढरी चौकट होती आणि अण्णांना आपलं चक्र हवं होतं. बदल करण्याबद्दल ॲपने केलेल्या भाषांतरात एक वाक्य दोन्हीकडे झुकत होतं. ९ नोव्हेंबरला विचारलं, ११ला उत्तर: स्वतःपुरतं खुशाल बदला, बदललेली फाइल वाटू नका, आणि झाल्यावर फोटो पाठवा. अण्णांनी या मेलची छापील प्रत मागितली. भोकं पाडून फायलीत लावली आणि पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं: 'गेटपास'.

शनिवार, १५ नोव्हेंबर. छपाई. घरच्या प्रिंटरमध्ये जाड कागद जात नाही, म्हणून कॉलेज रोडच्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेले. १७० जीएसएमचा कागद सांगा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, त्यावरून जाडी कळते). साधा कागद लोळागोळा होतो, आणि लग्नपत्रिकेएवढा जाड घेतला तर नळी वळत नाही. पोरगा पडद्याकडे बघून थबकला. "ताई, हे लष्कराचं काही नाही ना? परवानगीबिरवानगी?" नाशिकरोडला नोटा आणि स्टॅम्प छापणाऱ्या गावातलं पोर, छापण्याच्या बाबतीत त्याला भीती असणारच. मी पिशवीतून फाइल काढून मेल दाखवली. त्याने पोलिश मजकूर गंभीरपणे वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "मग हरकत नाही." चार पानं, पंचवीस रुपये पान, शंभर रुपये.

घरी अण्णांनी स्टीलची पट्टी काढली. "खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सात मीटर पंधरा. भागिले तेहेतीस." मी फोनवर भागलं: २१.७ सेंटीमीटर. त्यांनी कागदावर मापलं. बरोब्बर २१. "स्क्रॅप."

झालं होतं असं की छापताना 'फिट टू पेज' लागलं होतं. फाइल अमेरिकन लेटर मापाची, तो कागद २१६ मिलीमीटर रुंद. आपला ए-फोर २१०. यंत्राने पान बसवायला सगळं तीन टक्के आकसलं. तसंच जोडलं असतं तर कोणाला कळलं नसतं, असं मी म्हणून बघितलं. उपयोग झाला नाही. परत कॉलेज रोड, परत शंभर रुपये, या वेळी 'ॲक्च्युअल साइझ' माझ्यासमोर निवडायला लावलं आणि दुकानातच पट्टी लावली. कडेचं दोन-तीन मिलीमीटर पांढरं कापलं गेलं, पण तिथे काही नव्हतंच. परदेशी फाइल छापायची तर पट्टी बरोबर न्या. बऱ्याच फाइलींत कोपऱ्यात मापाची रेघ असते, तीच आधी मोजायची.

जोडणीला चार आठवडे लागले, रोज फार तर तासभर. सगळं सांगत बसत नाही, जिथे अडलो तेवढं सांगते.

सूचना पोलिशमध्ये. काही भागांवर तारा छापलेला असतो आणि शेजारी 'तेक्तुरा १ मिमी'. ॲपने "पुठ्ठा" एवढंच सांगितलं. अर्थ असा की तो भाग आधी एक मिलीमीटर जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि मग कापायचा. आम्ही नवीन शर्टच्या खोक्यातला पुठ्ठा वापरला. 'व्रेंगा' हा शब्द सारखा यायचा. ॲप त्याला कधी "बरगडी" म्हणायचं, कधी "सापळा". अण्णा वैतागले, "बरगडी काय, माणूस आहे का? फ्रेम म्हणतात त्याला." नळीसारख्या धडाच्या आत आडव्या बसणाऱ्या चकत्या त्या. पोलिश एक अक्षर न येता कुठली फ्रेम कुठे बसते ते त्यांनी आकार बघून लावलं.

दुमडायच्या रेघेवर आधी पट्टी धरून रिकामी रिफिल ओढायची, मगच दुमड सरळ येते. कापल्यावर कागदाच्या पांढऱ्या कडा दिसतात, त्या राखाडी रंगीत पेन्सिलीने मारून घ्यायच्या. स्केचपेनने मारायला गेलात तर शाई आत पसरते. एक पंख असा डागाळलाय, तो भिंतीकडे करून ठेवलाय. फेविकॉल बोटाने लावू नका, काडीच्या टोकाने आणि अगदी कमी. मी पहिल्या पंखाला सढळ हाताने लावलं, रात्रीत तो पापडासारखा उलटला. डिसेंबरच्या थंडीत वाळायलाही वेळ लागतो, एक भाग वाळत ठेवून उठून जायचं शिकावं लागलं. अण्णांचा हात आता थोडा थरथरतो. लहान भाग ते चिमट्याने धरायचे, मी चिकटवायची, आणि "वर... वर... आलं, सोड" असं चालायचं. लहानपणी ते कामावरून आले की थकून झोपायचे. त्यांचं काम बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

नाकाच्या कोनावर दोन संध्याकाळी गेल्या. मॉडेलमध्ये तो पक्का चिकटवायचा होता. अण्णांना मान्य नाही. खऱ्या मिगला तो कोन वेगाप्रमाणे पुढे-मागे सरकतो, आत जाणारी हवा आवरायला. शेवटी त्यांनी कोन रिफिलच्या नळीवर बसवला, नळी पहिल्या फ्रेममधून ओवली, आणि आता मागून ढकललं की कोन अर्धा सेंटीमीटर बाहेर येतो. चिरंजीवांचा दिवसभर तोच खेळ. चक्रं मी वेगळ्या कागदावर छापली, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं, आणि पोलिश चौकटीवर चिकटवली.

खर्चाचा हिशोब: छपाई, चुकलेली धरून आणि पवनचक्की-ट्रक धरून, २७५, कापायचं मॅट २५०, कटर ६०, पट्टी ५०, फेविकॉल ४०, चिमटा ८०. सगळे मिळून ७५५ रुपये, फुकटच्या मॉडेलवर.

रविवार, १४ डिसेंबर. मिग शोकेसमध्ये गेलं. फोटो पोलंडला पाठवला, आणि अण्णांनी तोच ओझरच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात अकरा जणांनी फाइल मागितली. एकाने तर शेपटीवरचा आकडा चुकल्याचं सांगितलं, त्यावर वेगळी जुंपली. अण्णांनी एका बोटाने, बराच वेळ घेऊन, टाइप केलं: "फाइल पाठवणार नाही. पत्ता देतो. अटी वाचा." आणि मला पानाचा पत्ता टाकायला लावला.

मंगळवारी रात्री जेवताना त्यांचा फोन वाजला. सिडकोतले एक जुने सहकारी. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. अण्णांनी घास बाजूला ठेवला.

"किती आले? एकवीस? मग पोराने फिट टू पेज लावलंय. ते स्क्रॅप. उद्या पट्टी घेऊन जा."